सात दिव्यांची टोपडी

सोलो, २६ ऑगस्ट १९९१

म्बाक्यू,

नमस्कार. तुम्ही मोठ्या नणंद. म्हणून आधी तब्येत विचारायची, मग पाऊसपाणी, आणि कामाचं बोलणं तिसऱ्या पानावर काढायचं, हे तुमच्या गावाने मला तीस वर्षांत शिकवलं. पण कागद महाग झालाय आणि मी अजून माहेरच्या सुराबायासारखीच फटकळ आहे. तेव्हा सरळ सांगते: माझ्या दिव्यांना टोपडी हवीत.

आमच्या पालुपीचं लग्न जमतंय. मुलगा सेनो, क्लातेनचा, रस्ते बांधणाऱ्या खात्यात इंजिनियर आहे. नव्या वर्षात त्याची बदली कालिमान्तानच्या जंगलात होणार, म्हणून लग्न त्याआधी उरकायला हवं. एकटा गेला तर तिथे दोन वर्षं. तोवर इथे पालुपी आणि तिथे तो, मधे समुद्र, आणि कुणाचं मन कुठे जाईल सांगता येत नाही. पंधरा सप्टेंबरच्या रविवारी ते लोक मागणी घालायला येताहेत. सोबत त्याची आजी बू मांगुन. तिने होकार दिल्याशिवाय त्या घरात भातसुद्धा शिजत नाही म्हणे.

आणि आमच्या बैठकीच्या खोलीतले ते सात दिवे! तुमच्या भावाने बुडीत निघालेल्या हॉटेलातून आणलेले. शेडचं कापड इतकं विटलंय की बोट लावलं की पिठासारखं गळतं. एकीत पालीने संसार थाटलाय. नव्या शेड विचारायला गेले तर दुकानदाराने अशी किंमत सांगितली, की मी म्हटलं, बाबा रे, दिव्याची टोपी मागतेय, वीजकेंद्र नको. तुमचे बंधू म्हणतात, "आहे ते छान आहे." छत गळत होतं तेव्हाही हेच म्हणाले होते.

तुमच्या लॉजच्या शेड तुम्ही घरीच शिवायच्या. स्वस्तात कसं करायचं ते कळवा. मुलाकडे राहायला जाताना तुम्ही इथे ठेवलेली पेटी पालुपीच्या खाटेखाली आहे तशी आहे.

लिलिक


सुराबाया, ३१ ऑगस्ट १९९१

जेंग लिलिक,

पत्र पोचलं. माझी तब्येत तू विचारली नाहीस, तरी बरी आहे. गुडघा सुजलाय. हेन्द्रो आणि सूनबाई काळजी घेतात. जेवणात रोज ती काळी कोळंबीची चटणी असते. तुझं माहेर असं का बोलतं, ते मला आता ती खाऊन कळतंय.

शेडचं ऐक. जुनं कापड फाडून टाकू नकोस. टाके उसवून काढ, इस्त्री कर आणि त्यावरूनच नवं बेत. चारी बाजूंनी दोन बोटं जास्त ठेव, कारण तुझा हात मला माहीत आहे. तारेचा सांगाडा घासून गंज काढ. मग प्रत्येक तारेवर सुती पट्टी घट्ट गुंडाळ, नाहीतर टाका धरणार कशाला? कापड उरेब, तिरकं काप, म्हणजे गोलाईवर ताणून बसतं. आधी कपड्यांचे चिमटे लावून बघ. त्यानंतर दिवा लाव आणि लांब उभी राहून बघ. शिवायचं सगळ्यात शेवटी. बल्ब लहान घे, नाहीतर मागणीच्या दिवशी घराला आग लागेल आणि दार्तो म्हणेल, आहे ते छान आहे.

आणि छापील बाटिक घेऊ नकोस. ते एकाच बाजूने छापतात, उलट बाजू आजाऱ्यासारखी फिकी असते. अस्तर लावायला तुझ्याकडे पैसे नाहीत, म्हणजे खाली बसलेल्याला आतलीच बाजू दिसणार. तेव्हा हाताने, दोन्ही बाजूंनी मेण लावून रंगवलेलंच कापड हवं. जुनं चालेल. जुनंच बरं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. आमची आई कापड हातात घेतलं की आधी उलट बाजू बघायची. सुलट बाजू लबाडसुद्धा नीट ठेवतो, म्हणायची.

बू मांगुन शाळेत माझ्या बाकावर बसायची. एका निबंधावरून आमचं बिनसलं, त्याला पन्नास वर्षं झाली असतील. ती बोलणार काही नाही. बघेल मात्र सगळं.

विनार्नी


सोलो, ९ सप्टेंबर १९९१

म्बाक्यू,

झालं! सातही दिवे नटले. तुमच्या प्रत्येक सूचनेत एक टोमणा होता. टोमणे गिळले आणि सूचना पाळल्या.

कापड कुठून आणलं ते विचारू नका. घरातच पडून होतं, कुणाच्या अंगाला लागत नव्हतं. अगदी तुम्ही म्हणालात तसं, जुनं, मऊ, दोन्ही बाजू सारख्या. रंग काळपट आणि गडद तपकिरी. छोटे छोटे चौकोन, प्रत्येक चौकोन तिरक्या रेघांनी कापलेला, त्यात काळे त्रिकोण आणि मधे एकेक ठिपका. जरा गंभीर आहे, पण तुमचं गावच गंभीर, त्याला मी काय करणार. दिवा लावला की ठिपके असे उजळतात की बघत राहावं. सातांना पुरून वर चिंध्या उरल्या.

टाके बघू नका. बोटांना इतकं टोचलंय की मीठ-मिरची कुटता येत नाही. आतल्या बाजूने बघितलं तर मुंग्या ताडी पिऊन चालल्यासारखं दिसतं.

तुमच्या बंधूंनी दिव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पेपर डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "हं." तीस वर्षांत कौतुकाचं इतकं मोठं भाषण ऐकलं नव्हतं. शेजारच्या बू तातिक आल्या, दारातच थबकल्या. हळूच विचारलं, "घरात सगळे बरे आहेत ना?" म्हटलं, हो. त्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळी भांडंभर सूप पाठवलं. सोलोत असे प्रेमळ लोक राहतात हे मला आजच कळलं.

लिलिक


सुराबाया, १४ सप्टेंबर १९९१

लिलिक,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. हे उद्याच्या आत पोचणार नाही हे मला कळतंय. वरातीमागून घोडं. तरी लिहिते.

तू वर्णन केलंस त्या नक्षीला स्लोबोग म्हणतात. सोलोत शेंबडं पोरसुद्धा ती ओळखतं. ते कापड मयतावर घालतात, पांढऱ्या कफनावरून. लोक ते नेसून मयताच्या घरी जातात. दुसऱ्या कुठल्याही कामाला ते वापरत नाहीत. तू ते बैठकीच्या खोलीत सात ठिकाणी टांगून आत दिवे लावलेस.

तार करणार होते. पण तारेत लिहू काय? 'प्रेतावरचं कापड उतरव'? तुमचा तारवाला ती आधी गल्लीला वाचून दाखवेल.

आता माझं विचारते. अशी दोन कापडं आईने स्वतः मेण लावून रंगवली होती. एक तिच्यावर गेलं. दुसरं तिने मला दिलं. ते माझ्या पेटीत आहे, तळाशी, लवंगा घालून ठेवलेलं. मी गेल्यावर ते माझ्यावर घालायचं, असं हेन्द्रोला सांगून ठेवलंय. ते कापड जागेवर आहे, एवढं फक्त कळव.

विनार्नी


सोलो, १६ सप्टेंबर १९९१

म्बाक्यू,

काल कार्यक्रम झाला आणि काय सांगू तुम्हाला! क्लातेनवाले पार गारद झाले.

दारातून आत आले, दिव्यांकडे बघितलं, आणि सगळ्यांचे आवाज एकदम खाली गेले. एवढा मान राखणारी माणसं मी पाहिली नाहीत. बू मांगुनने माझा हात हातात घेतला, कितीतरी वेळ सोडलाच नाही, आणि म्हणाल्या, "धीर धरा." पोरगी सासरी जाणार म्हणून आईचं मन ओळखलं बघा. मी दोन चुटके सांगितले तर कुणी हसलं नाही, माना मात्र फार मायेने हलवल्या. एक काका कोपऱ्यातल्या दिव्याखाली बसून मनात प्रार्थना पुटपुटत होते. धार्मिक घर आहे. जेवले अगदी पाखराएवढं. भाताचं मोठं पातेलं तसंच राहिलं, आज सकाळ-संध्याकाळ तेच खातोय.

बू मांगुनने तुमची चौकशी केली, "विनार्नी दिसत नाही?" तुमच्या बंधूंनी एकदा दिव्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यांनीही घातली. सोलोच्या लोकांचं हे मान खाली घालणं मला कधी कळायचं नाही. मी सांगणार होते की गुडघा सुजलाय, पण तेवढ्यात आत दूध उतू गेलं.

लग्नाच्या तारखेचं त्यांनी काढलं नाही. सभ्य माणसं, पहिल्या भेटीत घाई कशाला. पण दिव्यांनी मैदान मारलं, आणि त्याचं निम्मं श्रेय तुमचं.

लिलिक


सोलो, १९ सप्टेंबर १९९१

म्बाक्यू,

तुमचं चौदा तारखेचं पत्र मिळालं. काळजी नसावी. कापड मी बाजारातून घेतलं होतं. घरात पडून होतं असं लिहिलं ते आपलं बोलण्यातलं. विकणारी बाई सुराबायाकडचीच होती, तिलाही नक्षीचं माहीत नसावं. दिवे उतरवले आहेत.

तुमची पेटी ठीक आहे. वरून पुसली.

इकडे ऊन फार आहे. तुमचा गुडघा कसा आहे? जेवता ना नीट? सूनबाई बऱ्या आहेत?

लिलिक


सुराबाया, २४ सप्टेंबर १९९१

आदरणीय जेंग लिलिक यांसी,

आपलं पत्र मिळालं. आपण माझ्या गुडघ्याची, जेवणाची, सूनबाईंची आणि उन्हाची चौकशी केलीत. तीस वर्षांत प्रथमच. वाचून मी घाबरले.

पेटी ठीक आहे हे वाचून समाधान वाटलं. आपल्याला थोडा त्रास देते. गेले काही दिवस अंगात कणकण आहे. या वयात काही सांगता येत नाही. माझं ते कापड तेवढं आपण पाठवून द्यावं. हेन्द्रोचा मित्र शुक्रवारी सोलोला येतोय, त्याच्या हाती दिलंत तरी चालेल. घडी मोडू नये. आईच्या हातची घडी आहे.

दार्तोला आशीर्वाद. त्याला विचारा, लहानपणी आई मेण लावत असताना शेजारी बसून वारा कोण घालायचं? त्याला ती नक्षी नक्कीच आठवत असेल.

आपली,
विनार्नी


सोलो, ३० सप्टेंबर १९९१

म्बाक्यू,

तुम्ही मला 'आपण' म्हणालात. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. शिव्यांत मी वाढलेय.

तुम्हाला माहीत होतं. तरी मित्राला पाठवलंत. तो बिचारा ओसरीवर तासभर बसला आणि मी त्याला चहावर चहा पाजत होते. शेवटी एक डबा भरून केळ्याचे वेफर्स दिले. ते तुम्हाला मिळाले असतील. तेच तुमचं कापड समजा.

हो, तुमचंच होतं. पेटीच्या तळाशी हात घातला, मऊ लागलं, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या आणि मला तुमचंच वाक्य आठवलं. म्हटलं, म्हातारीने एवढं जुनं काळपट कापड उगाच जपलंय, लग्नात कामी येईल. मला नक्षी कळत नाही, म्बाक्यू. तीस वर्षं मी इथे काय नेसायचं ते तुमचे लोक सांगतात आणि का नेसायचं ते कुणी सांगत नाही. तुमच्या बंधूंना विचारलं, तुम्ही आठवडाभर त्या दिव्याखाली बसून पेपर वाचलात, बोलला का नाहीत? म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत असेल. मला वाटलं तू ताईवर रागावली असशील." म्हणजे मी रागाने त्यांच्या बहिणीचं मयत टांगलं असं समजून हा माणूस शब्दकोडं सोडवत होता!

आता पुढचं ऐका. क्लातेनहून माणूस आला. टोपलीत तांदूळ, साखर, चहा, आणि वर पाकीट. मयताच्या घरी देतात तसं. पाकिटावर तुमचं नाव. म्बाक्यू, क्लातेनमध्ये तुम्ही मेल्या आहात. बू मांगुनने लिहिलंय की मोठं माणूस गेलं तेव्हा आम्ही मागणीला यायला नको होतं, तुम्ही मोठ्या मनाने आमचा मान ठेवलात, आता सुतकाचं वर्ष सरल्यावर लग्नाचं बोलू. वर्ष सरल्यावर! तोवर सेनो जंगलात. पालुपी माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसली की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

तुम्ही म्हणाल, जाऊन सांग की नणंद जिवंत आहे. तुमच्या बंधूंना पाठवलं. तीन वेळा चहा घेऊन परत आले. विचारलं, सांगितलंत? म्हणाले, "विषय निघाला नाही." मी जाते म्हटलं, पण मग बोलू काय? कुणी मेलं नाही, तर मागणीच्या दिवशी आमच्या डोक्यावर ते कापड का लावलं, असं त्यांनी विचारलं तर? शाप म्हणून की अडाणीपणा म्हणून? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सहा शेडचे टाके उसवलेत, कोपऱ्यातली लहान तेवढी राहिलीय. तुकडे टेबलावर मांडून पुन्हा जोडतेय. दिवे उघडेबोडके आहेत. मी चुकले. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून बरोबर मागता येत नाहीये. मागतेय एवढं कळून घ्या.

लिलिक


सुराबाया, ४ ऑक्टोबर १९९१

लिलिक,

वेफर्स चांगले होते.

तुझं पत्र वाचून मी रडले. न्हाणीघरात जाऊन रडले, कारण सूनबाईसमोर रडलं की ती डॉक्टरला बोलावते. आईने ते कापड रंगवलं तेव्हा तिची नजर गेली होती. ठिपके ती बोटाने चाचपून लावायची. तुझ्यावर इतका राग आला होता की तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. मग क्लातेनमध्ये मी मेले आहे ते वाचलं आणि राग ठेवायला जागा उरली नाही. मेलेल्या माणसाने किती रागवायचं?

मी येते. पुढच्या शनिवारी, सकाळच्या गाडीने. दार्तोला स्टेशनवर पाठवू नकोस. तिथेही विषय निघणार नाही.

तुकडे जोडत राहा.

विनार्नी


सुराबाया, २१ ऑक्टोबर १९९१

जेंग लिलिक,

सुखरूप पोचले. गुडघा तुझ्या शापाने की माझ्या वयाने, पुन्हा सुजलाय.

क्लातेनला तू फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिलीस आणि परतताना वाटभर विचारत होतीस की आत काय झालं. मी सांगितलं नाही. तुला थोडं शिजू द्यायचं होतं. आता सांगते.

दार बू मांगुननेच उघडलं. तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं, जमिनीला टेकलेत का ते. मग चपलांकडे. भुताला सुजलेला गुडघा नसतो हे पटल्यावर मला आत घेतलं, आणि पन्नास वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलली? "तुझ्या नावाने मी दोन कोंबड्या कापल्या." सातव्या दिवसाची प्रार्थना ठेवली होती म्हणे, आख्खी गल्ली जेवून गेली. मी किती गुणी होते हे ती स्वतः उठून सांगत होती, निबंधाचासुद्धा उल्लेख केला. "आता ते परत घेता येत नाही," म्हणाली. फार चिडली होती. मी म्हटलं, "राहू दे, पुढच्या वेळेला कामी येईल."

मग तिने कापडाचं विचारलं. मी सांगितलं, ते कापड माझं, आणि जुनं, दोन्ही बाजूंनी मेण लावलेलं कापड दिव्यांना लाव असं भावजयीला मीच कळवलं होतं. यात एक अक्षर खोटं नाही, माझं पत्र तुझ्याकडे आहे. ती म्हणाली, "असलं कापड? मागणीच्या दिवशी?" मी म्हटलं, "म्हातारपणी लहर आली. आईच्या हातचं काम एकदा उजेडात बघावंसं वाटलं. अंगावर पडेल तेव्हा मला थोडंच दिसणार आहे?" मग ती म्हणाली, तिच्याकडेही तिच्या आईचं एक आहे, आणि तिनेही ते कधी उजेडात धरून बघितलेलं नाही. आत जाऊन घेऊन आली. आम्ही दोघी खिडकीशी ते धरून बसलो. तू बाहेर उन्हात बसली होतीस त्यातला निम्मा वेळ यात गेला. तारीख तिनेच काढली, डिसेंबरचा पहिला रविवार. हेही तिथेच ठरलं. तुला मात्र घरी पोचल्यावर पालुपीकडून कळलं, कारण मला तिचं तोंड आधी बघायचं होतं, तुझं नाही.

तेव्हा पालुपीचं लग्न होतंय. आता उधार-उसनवार करून दिव्यांना फुलांचं कापड लाव. शिवण्याआधी एक तुकडा दार्तोला दाखव आणि तो बोलेपर्यंत पेपर देऊ नकोस.

राहिलं कापड. तू जोडलेलं मी बघितलं. म्हणालीस, आईचं नासवलं. हो, नासवलंस. शिवणी उघड दिसतात, सुईची भोकं जागोजाग आहेत. रात्रभर मनात तेच होतं. पण ही नक्षी मयतावर घालतात ती जिवाला जायला वाट मोकळी मिळावी म्हणून, असं आई सांगायची. तू एवढी भोकं पाडून ठेवली आहेस की मला वाट शोधावीच लागणार नाही.

एक शेड मी तशीच पिशवीत घालून आणली, ती तुझ्या लक्षात आली नसेल. कोपऱ्यातल्या दिव्याची, लहान. माझ्या उशाशी लावलीय. सूनबाई खोलीत यायला घाबरते, हाही एक फायदा. इतरांना हे कापड एकदाच मिळतं, तेही डोळे मिटल्यावर. मी रोज त्याच्या उजेडात पेपर वाचते आणि आईचे ठिपके मोजत झोपते.

म्हणजे तुझ्याकडच्या कापडात एक तुकडा कमी आहे. तशीच जागा ठेव, दुसरं काही जोडू नकोस. मी गेले की हेन्द्रो तुला बोलावेल. ही शेड उसवून तो तुकडा तूच जागेवर शीव. शिंपी नको, सूनबाई नको. टाके मात्र नीट घाल. वर आई भेटणार आहे, आणि ती आधी उलट बाजू बघते.

विनार्नी